सतत जागे असणारे कान

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या प्रयोगशाळेत नववीच्या बारा मुलामुलींचे आठ दिवसांचे शिबिर झाले. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना विचारले, "आवाज ओळखणारे एखादे यंत्र तुम्हाला बनवता आले, तर त्याने कोणता आवाज ओळखावा?" चोराची पावले, वर्गात बोलणाऱ्याचे नाव, मांजराची चाहूल अशी उत्तरे आली. एक मुलगी म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्या मोजणारे यंत्र हवे. आई कामावर असते, आजीला ऐकू कमी येते. तीन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करायचे काम माझे. अभ्यासाला बसले की दोन झाल्या की तीन, ते आठवत नाही." सगळे हसले, पण काम तेच ठरले.

आठ दिवस पुरून उरतील असे आम्हालाही वाटले होते. तसे झाले नाही. मात्र या शिट्ट्यांच्या नादात मुलांना (आणि खरे सांगायचे तर आम्हालाही) सध्या जगभर वाढत असलेल्या एका बाजारपेठेचे अंतरंग समजले. ती बाजारपेठ आहे सतत ऐकत राहणाऱ्या, इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांची.

ॲमेझॉन कंपनीने आपला एको हा स्पीकर नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत आणला. 'अलेक्सा' अशी हाक मारली की तो ओ देतो. भारतात तो २०१७ मध्ये आला. अलेक्सा असलेली ६० कोटींहून अधिक यंत्रे जगात आहेत, असे कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. गूगलचा सहायक २०१८ पासून मराठीतही बोलतो. या यंत्रांना माणसाचे बोलणे ऐकायचे होते. पुढे बोलण्याखेरीज इतर आवाजांचीही बाजारपेठ उभी राहिली. खिडकीची काच फुटल्याचा आवाज, धुराच्या इशाऱ्याची पिपाणी, बाळाचे रडणे, रात्रीचा खोकला आणि घोरणे, कारखान्यातल्या बेअरिंगची कुरकुर, जंगलातली यांत्रिक करवत. आपला मोटार मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून जे काम करतो, तेच काम यंत्राकडून दिवसाचे चोवीस तास करून घ्यायचे, असा हा व्यवसाय आहे.

हे शक्य झाले त्याचे एक कारण तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढे आहे. धारित्राच्या दोन पट्ट्यांमधील अंतर बदलले की त्याची धारिता बदलते, हे आपण अकरावी-बारावीला शिकवतो. मायक्रोफोनमध्ये यांतली एक पट्टी म्हणजे लवचीक पडदा असतो. ध्वनिलहरींच्या दाबाने तो हलतो आणि धारितेतला बदल विजेच्या स्वरूपात मिळतो. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी कायमचा विद्युतभार धरून ठेवणारे प्लास्टिकचे पटल वापरून स्वस्त व छोटा मायक्रोफोन बनवला. याच सेसलर यांनी १९८०च्या दशकात जर्मनीतील डार्मश्टाट येथे सिलिकॉनच्या चकतीवरच मायक्रोफोन कोरण्याचे प्रयोग केले. आजच्या मोबाइलमधला मायक्रोफोन या घराण्यातला. त्याचा पडदा साधारण एक मिलिमीटर रुंद आणि सुमारे एक मायक्रॉन जाड, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी पट पातळ असतो. घाऊक खरेदीत त्याची किंमत चहाच्या कपाहून फारशी जास्त नसते. त्यामुळे एका यंत्रात तो एकच बसवावा असेही नाही. पहिल्या एकोमध्ये सात होते.

आता शिट्टीकडे वळू. मुलांचा पहिला प्रयत्न अगदी सरळ होता. आवाजाची पातळी अमुक एका मर्यादेवर गेली की एक शिट्टी मोजायची. आमच्या कँटीनमध्ये, मावशींच्या परवानगीने, एक जुना मोबाइल ओट्याजवळ ठेवला. अर्ध्या तासात सोळा शिट्ट्या झाल्या. त्यांतली एकही शिट्टी नव्हती. मिक्सर, पडलेले पातेले, दार आपटणे आणि मावशींची शिंक यांनी आकडा भरला होता.

मोठेपणा हा आवाजाचा एकच गुण झाला. दुसरा गुण म्हणजे त्या आवाजात कोणकोणत्या वारंवारता किती प्रमाणात मिसळलेल्या आहेत. मोबाइल दर सेकंदाला १६,००० वेळा पडद्याची स्थिती आकड्यात नोंदवतो. (१६,००० कशासाठी? नोंदींच्या वेगाच्या निम्म्यापर्यंतच वारंवारता पकडता येतात, म्हणजे येथे ८,००० हर्ट्झपर्यंत. बोलणे समजण्यास त्या भरपूर होतात.) या आकड्यांचे एका सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या पट्टीचे सूर किती आहेत ते गणिताने काढायचे. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वारंवारता घेऊन हे मांडले की आवाजाचे एक चित्र तयार होते. गाणे शिकणाऱ्या मुलांना ते लगेच समजले. ती यंत्राने लिहिलेली स्वरलिपीच आहे. दूधवाल्याच्या सायकलची घंटा या चित्रात काही ठळक आडव्या रेघांसारखी दिसते. कुकरचा फुसकारा मात्र खालपासून वरपर्यंत पसरलेला धुरकट पट्टा दिसतो, कारण वेगाने बाहेर पडणाऱ्या वाफेच्या खळबळीत सगळ्याच वारंवारता मिसळलेल्या असतात. तो एकदम सुरू होतो आणि काही सेकंदांनी ओसरतो.

यंत्राला अशी शेकडो चित्रे दाखवायची, 'ही शिट्टी' आणि 'ही शिट्टी नाही' असे सांगायचे आणि त्याच्या आतल्या गुणकांची जुळवाजुळव त्यालाच करू द्यायची, ही आजची रीत. हाक ओळखणाऱ्या यंत्रांचेही असेच चालते. ॲपल कंपनीने २०१७ मध्ये 'हे सिरी' ही हाक ओळखण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातही सेकंदाला १६,००० नोंदी आणि शतांश सेकंदाचे तुकडे आहेत. असे सुमारे वीस तुकडे एका वेळी तपासले जातात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'हे यंत्र फक्त आपली हाक ऐकते' असे आपण म्हणतो. पण हाक कधी येणार हे आधी कळत नसल्याने, ती ऐकण्यासाठी बाकीचे सगळेच ऐकावे लागते. मग ऐकलेल्याचे काय होते, हा प्रश्न उरतो. वर्गातल्या फळ्यावर एका टोकाने लिहीत जावे आणि मागून कोणी पुसत यावे, तशी यंत्राची तात्पुरती स्मृती असते. तिच्यात शेवटचे काही क्षणच शिल्लक असतात. हे सारे यंत्राच्या आत, अगदी थोड्या विजेवर चालणाऱ्या छोट्या गणकावर घडते. हाक आल्याचा कौल मिळाला, की त्याआधीचा क्षणभराचा आणि त्यानंतरचा आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकाकडे जातो. हे पडताळून पाहायचे असेल, तर कोणाच्या घरी असा स्पीकर असल्यास त्याचे इंटरनेट बंद करून हाक मारा. तो जागा होतो आणि मग जोडणी नसल्याचे कळवतो. जागे होण्याचे काम त्याचे त्याला येते. पुढचे येत नाही.

मग अडचण काय? सगळी अडचण 'कौल' या शब्दात आहे.

यंत्र 'हो' किंवा 'नाही' असे म्हणत नाही. ते एक गुण देते, समजा शून्य ते शंभर. किती गुणांना पास करायचे तो उंबरठा आपण ठरवतो. उंबरठा खाली ठेवला तर खऱ्या शिट्ट्या सुटत नाहीत, पण बसचा हवेचा ब्रेकही आत येतो. वर नेला तर ब्रेक अडतो, पण एखादी मंद शिट्टी बाहेर राहते. दोन्ही चुका एकदम शून्य करता येतील असा उंबरठा नसतो. ॲपलच्या पद्धतीत यावर एक छान युक्ती आहे. गुण उंबरठ्याच्या थोडेच खाली पडले, तर यंत्र ओ देत नाही, पण पुढचे काही सेकंद उंबरठा थोडा खाली आणून बसते. कारण ज्याची हाक वाया गेली तो माणूस ती लगेच पुन्हा मारतो.

मुलांनी सुधारलेले यंत्र एक पूर्ण दिवस कँटीनमध्ये ठेवले. त्याने १९ शिट्ट्या मोजल्या. मावशींच्या हिशेबाने त्या १२ होत्या. बाराही खऱ्या शिट्ट्या यंत्राने पकडल्या होत्या, सात जास्तीच्या होत्या. यंत्र दर सेकंदाला एक निर्णय घेत होते, म्हणजे दिवसाला ८६,४०० निर्णय. त्यांत सात चुका म्हणजे बारा हजारांत एक. परीक्षेत इतकी अचूकता कोणाला मिळाली तर आपण त्याचा सत्कार करू. तरीही प्रत्यक्षात यंत्राच्या दर तीन शिट्ट्यांपैकी एकीहून अधिक खोटी होती.

आता शिट्टीच्या जागी फुटलेली काच घ्या. घराची काच चोराने फोडणे ही घटना, समजा, दहा वर्षांत एकदा घडते. मुलांच्या यंत्रापेक्षा आठपटीने चांगले, लाखात एकदाच चुकणारे यंत्र आपण विकत घेतले. ते दिवसाला सरासरी ०.८६ खोटे इशारे देईल. दहा वर्षांत ते सुमारे ३,१५० होतील आणि खरा एक. कोटीत एकदा चुकणारे यंत्र आणले तरी दहा वर्षांत एका खऱ्या इशाऱ्यामागे एकतीस खोटे. (लागोपाठचे सेकंद एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून प्रत्यक्षातले आकडे वेगळे येतील, पण दिशा हीच.) शोधायची गोष्ट जितकी दुर्मीळ, तितके अचूक यंत्रही खोटे ठरते. संभाव्यतेचा हा धडा फाशांवर शिकवण्याऐवजी आम्ही आता कुकरवर शिकवतो.

याला अपवाद आहेत. धुराचा इशारा देणाऱ्या पिपाणीचा ठेका बऱ्याच देशांत ठरवून दिलेला आहे: अर्ध्या सेकंदाचे तीन सूर, मध्ये अर्ध्या सेकंदाची विश्रांती, मग दीड सेकंद शांतता, आणि पुन्हा तेच. हा आवाज माणसाने मुद्दाम वेगळा घडवलेला असल्याने यंत्राला तो ओळखणे सोपे जाते. २०२० पासून मोबाइलमध्येच अशी पिपाणी, दारावरची घंटा, बाळाचे रडणे ओळखून कंप करणारी सोय आली आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती मोलाची आहे, आणि तिचे काम मोबाइलच्या आतच चालते.

उलट टोकाचे उदाहरण बंदुकीच्या आवाजाचे. अमेरिकेतील अनेक शहरांत खांबांवर मायक्रोफोन बसवून गोळीबार ओळखणारी शॉटस्पॉटर ही यंत्रणा आहे. फटाका की गोळी हे ठरवायला तेथे यंत्रापुढे माणसेही बसवावी लागतात. शिकागोच्या महानिरीक्षक कार्यालयाने जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळातील ५०,१७६ इशारे तपासले. त्यांपैकी ९.१ टक्के ठिकाणी बंदुकीशी संबंधित गुन्ह्याचा पुरावा मिळाला. पुरावा मिळाला नाही म्हणजे गोळी सुटलीच नव्हती असे नव्हे, हेही खरे. शिकागोने सप्टेंबर २०२४ मध्ये ही यंत्रणा बंद केली.

कँटीनमधल्या त्या सात चुका कोणत्या होत्या, हे शोधायला हवे होते. त्यासाठी आम्ही यंत्राला एक सूचना दिलेली होती: शिट्टीचा कौल दिला की त्या वेळचे दहा सेकंद जपून ठेव. संध्याकाळी सगळे गोल करून ऐकू लागलो. पहिले तीन तुकडे रस्त्यावरच्या बसच्या ब्रेकचे निघाले. पुढचे तीन फोडणीचे. गरम तेलात ओली भाजी पडली की होणारा चुर्रर्र आवाज यंत्राला शिट्टी वाटला होता. मुलांना मजा येत होती. सातव्या तुकड्यात नळाचे पाणी जोरात वाहत होते आणि त्यामागून मावशी फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या. त्या काय बोलत होत्या ते लिहिण्याचे कारण नाही. बारा मुलांनी ऐकावे असे ते नव्हते. आम्ही तो तुकडा बंद करेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींना सारे सांगितले आणि त्यांच्यासमोर ती ध्वनिमुद्रणे पुसली. त्या एवढेच म्हणाल्या, "शिट्ट्याच मोजताय म्हणालात ना?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही परवानगी घेतली होती ती शिट्ट्या मोजण्याची. यंत्र चुकेल तेव्हा त्याच्याजवळ काय उरेल, हे सांगायचे राहून गेले होते. किंबहुना ते आम्हाला सुचलेच नव्हते.

नेमके हेच मोठ्या प्रमाणावर २०१९ मध्ये उघड झाले. ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांसाठी माणसे ग्राहकांच्या आवाजाचे तुकडे ऐकून तपासतात, अशा बातम्या त्या वर्षी आल्या. गूगलने सांगितले, की एकूण तुकड्यांपैकी सुमारे ०.२ टक्केच ऐकले जातात. बेल्जियममधील व्हीआरटी या प्रसारण संस्थेने असे एक हजाराहून अधिक तुकडे मिळवले. त्यांपैकी १५३ तुकड्यांत कोणी हाक मारलेलीच नव्हती. यंत्रे चुकून जागी झाली होती. पुढे २०२० मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि लंडनचे इम्पीरियल कॉलेज यांच्या संशोधकांनी अशा स्पीकरांना तासन् तास दूरचित्रवाणीचे कार्यक्रम ऐकवले. स्पीकर सतत ध्वनिमुद्रण करत असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. हाकेसारख्या भासणाऱ्या शब्दांनी ते चुकून जागे होतात, हे मात्र दिसले.

या बातम्यांवरून 'कंपन्या चोरून ऐकतात' असा निष्कर्ष बऱ्याच लोकांनी काढला. आम्हाला तो अपुरा वाटतो. यंत्र सुधारायचे तर त्याच्या चुका तपासाव्या लागतात. चूक आहे की नाही हे यंत्राला कळत नाही, म्हणून माणसाने ऐकावे लागते. आणि खोटा कौल म्हणजे तोच क्षण, जेव्हा घरातला माणूस यंत्राशी बोलत नव्हता. म्हणजे जे तुकडे कोणी ऐकायला नकोत, तेच सुधारणेसाठी सर्वांत उपयोगाचे. कोणाचा हेतू वाईट नसला तरी हा पेच राहतोच.

त्यात नमुन्यांची भूक असते. यंत्रांच्या शिकवणीसाठी संशोधक सार्वजनिक संग्रह वापरतात. २०१५ चा ईएससी-५० हा एक प्रसिद्ध संग्रह आहे. त्यात पन्नास प्रकारच्या आवाजांचे प्रत्येकी चाळीस नमुने आहेत. यादीत चर्चची घंटा आहे, व्हॅक्यूम क्लीनर आहे, डबा उघडल्याचा आवाज आहे. कुकरची शिट्टी नाही, देवळातली घंटा नाही. गूगलच्या २०१७ च्या संग्रहात दहा-दहा सेकंदांचे वीस लाखांवर तुकडे आहेत, पण ते लोकांनी यूट्यूबवर टाकलेल्या चित्रफितींतले. रोजच्या घरातला, कोणी चित्रित न केलेला आवाज त्यांत फारसा येत नाही. तो हवा असेल तर घरातूनच आणावा लागतो, म्हणून तो ठेवून देण्याचा मोह होतो. अलेक्साशी बोललेल्या मुलांची ध्वनिमुद्रणे बेमुदत जपून ठेवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ॲमेझॉनने २०२३ मध्ये तडजोड केली आणि अडीच कोटी डॉलर दंड मान्य केला. आवाज कंपनीकडे न पाठवता यंत्रातच समजून घेण्याचा पर्याय काही एको यंत्रांवर होता, तोही मार्च २०२५ मध्ये काढून घेण्यात आला.

असे यंत्र शाळेत किंवा घरात आणताना 'ते ऐकते का' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही, ते ऐकतेच. आवाज कोणत्या टप्प्यावर टाकून दिला जातो, हे विचारायला हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून मुंबईसह सात शहरांत गोंगाट मोजणारी केंद्रे उभारली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा पाळली जाते का, हे पाहायला पातळीचा आकडा पुरतो. '६२ डेसिबल' या आकड्यातून कोण काय बोलले हे कोणालाही परत काढता येणार नाही. उलट सेकंदाला १६,००० नोंदी, प्रत्येकी दोन बाइट, जशाच्या तशा पाठवल्या, तर दिवसाला सुमारे २७६ कोटी बाइट होतात आणि त्यांत घर अख्खे असते.

शिबिराच्या सातव्या दिवशी तोडगा त्याच मुलीने काढला. "ते दिवसभर कशाला ऐकतेय?" तिने विचारले. "गॅस पेटला असेल तेव्हाच ऐकू दे." मुलांनी शेगडीजवळ तापमान ओळखणारा एक साधा घटक बसवला. शेगडी तापली की मायक्रोफोनला वीज मिळते, थंड झाली की तुटते. ध्वनिमुद्रण जपण्याची सूचना काढून टाकली. यंत्राकडे आता फक्त आकडा राहतो. ऐकण्याचा वेळ चोवीस तासांवरून सुमारे दोन तासांवर आला आणि खोट्या शिट्ट्या सातावरून एकीवर. ती एक फोडणीची. मावशींनी यंत्र पुन्हा ओट्याजवळ ठेवू दिले.

शेजारच्या शेगडीवर दुसरा कुकर चढवला, की शिट्टी कोणत्या कुकरची हे मात्र त्याला सांगता येत नाही. दोन मायक्रोफोन चाळीस सेंटिमीटर अंतरावर लावले, तर एका बाजूने येणारा आवाज दुसऱ्यापर्यंत सुमारे १.२ मिलिसेकंद उशिरा पोचेल, म्हणजे आपल्या मोजणीत १९ नोंदींचा फरक. एवढ्यावरून कुकर वेगळे करता यावेत. मुले आता दहावीत गेली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत येऊन हे करून बघू म्हणाली आहेत.